उजवी ओढ

फोटोत पटाशी उलटी धरली होती. पेपरच्या चौथ्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, पण रंगीत. माझं लेथ मशीन, भुशाने पिवळा पडलेला माझा ॲप्रन आणि त्या ॲप्रनमध्ये माझा नवरा पुष्कर. ओठ आवळलेले, भुवया जवळ आणलेल्या, बंद मशीनवरच्या लाकडाला पटाशी टेकवून उभा. पटाशीची खोलगट बाजू वर हवी, ती खाली होती. मशीन चालू असतं तर ती लाकडात रुतून उसळली असती आणि थेट हनुवटीवर आली असती. खाली ओळ होती, ‘या हातांतून घडतात देशभर जाणारे पाईप.’ मी कणीक मळत होते. गोळा परातीत टाकला आणि पिठाचं बोट त्या फोटोवर, बरोबर पटाशीवर टेकवलं. ठिपका उमटला. मला ओरडायचं होतं. पण पुष्कर अंघोळीला गेला होता आणि सासूबाई मागच्या पायरीवर मिश्री लावत बसल्या होत्या, त्यामुळे ओरडायचं कुणावर हे ठरेना. मी पुन्हा कणीक मळायला घेतली.

पाईप म्हणजे नळाचे नव्हेत, हे सांगलीत दर वेळी सांगावं लागतं. तंबाखू भरून ओढायचे, लाकडी, एका टोकाला वाटी आणि दुसऱ्या टोकाला दातात धरायची नळी. आठ वर्षांत या घरातून बाहेर गेलेला एकूण एक पाईप मी केला आहे. लाकूड मी निवडते, वाटी मी कोरते, भोक मी पाडते, नळी मी कानशीने घासते, मेण मी चढवते. शेवटी बुडाशी ‘पुष्कर’ असा शिक्का असतो, तोही मीच हातोडीने ठोकते. एकच घाव, सरळ. वाकडा पडला तर नाव फुटतं. मनात मी पुष्करला एकेरीच बोलते, तोंडावर अहोजाहो. लग्नाला एकोणीस वर्षं झाली तरी हे दोन्ही चालू आहे आणि ते एकमेकांना कधी भेटलेले नाहीत.

चार दिवसांपूर्वी इथल्या एका मंडळाने त्याचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. पुष्कर बोलतो छान. पूर्वी तो औषध कंपनीचा प्रतिनिधी होता, मिरजेतल्या दवाखान्यांतून बॅग घेऊन हिंडायचा आणि वैतागलेल्या डॉक्टरला दोन मिनिटांत हसवायचा. नोकरी गेली, ते कसब राहिलं. माइक हातात घेऊन तो म्हणाला, ‘लाकूड माझ्याशी बोलतं.’ टाळ्या पडल्या. लाकूड कुणाशी बोलत नाही. लाकूड फाटतं, किंवा तीन दिवस कोरून झाल्यावर आतून किडकं निघतं, आणि मग ते फेकून द्यायचं असतं आणि जेवायला बसायचं असतं. मी तिसऱ्या रांगेत सासूबाईंच्या शेजारी बसले होते. सूत्रसंचालक म्हणाला, ‘सरांच्या यशामागे खंबीरपणे उभ्या असलेल्या वहिनींनीही वर यावं.’ मी वर गेले. मला नारळ आणि ब्लाउजपीस दिला. मागे उभी नव्हते हो, मशीनपुढे उभी होते, पायांच्या शिरा सुजल्यात बघा, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात फोटोग्राफर म्हणाला, ‘वहिनी, जरा हसा.’ आणि मी हसले. हसले मी! पेपरवाल्यांनी तो हसरा फोटो छापला नाही एवढंच बरं.

ब्लाउजपीस घेऊन काल विजयमालाताईंकडे गेले. त्या माझं माप दोनदा घेतात. माझा उजवा दंड डाव्यापेक्षा पाऊण इंच जाड आहे, म्हणून उजवी बाही सैल शिवावी लागते. पहिल्यांदा त्यांनी विचारलं होतं, ‘हात मोडला होता का लहानपणी?’ मी हो म्हणाले. खरं सांगायचं तर फार लांबचं सांगावं लागलं असतं. मिरजेत आमच्या अण्णांचं दुकान होतं, दुकान म्हणजे एक खोली, पुढे फळी. केरबा खुंटीवाले म्हणायचे त्यांना. सतार-तंबोरा करणारे मोठे कारागीर भोपळा, दांडी, तारा बघायचे, तारा पिळायच्या खुंट्या आमच्याकडून जायच्या. अण्णांचा खराद, म्हणजे लेथ, हाताचा होता. दोन टोकांमध्ये लाकूड अडकवायचं, त्याला दोरीचे दोन वेढे द्यायचे, आणि समोर बसून कुणीतरी ती दोरी आळीपाळीने ओढायची, उजवीकडे, डावीकडे. उजव्या ओढीला लाकूड पटाशीकडे येतं, तेव्हाच ते कापलं जातं. डाव्या ओढीला पटाशी बाजूला घ्यायची. गल्लीत विजेच्या मोटारीवरचे खराद आले तरी अण्णा म्हणायचे, ‘मोटारीला कळत न्हाई कवा थांबायचं.’ मला कळायचं. आठव्या वर्षापासून एकोणिसाव्यापर्यंत ती दोरी मी ओढली. शाळेच्या आधी, शाळेनंतर, सुट्टीत दिवसभर. भाऊ जयराज अण्णांच्या मांडीशी बसायचा, त्याच्या हातावर हात ठेवून अण्णा त्याला पटाशी शिकवायचे, आणि मी समोर. माझ्याकडे बघायचं काही कारण नव्हतं. मी चुकले की दोरीला झटका बसायचा आणि अण्णा न बघताच म्हणायचे, ‘संयू, उजव्या ओढीला जोर.’ एवढंच माझं शिक्षण. पण दोरीतून सगळं कळायचं. पटाशी लाकडात किती शिरली, गाठ आली का, लाकूड ओलं आहे का, जयराजचा हात घाबरलाय का, हे मला तळहातात कळायचं, त्याला कळायच्या आधी. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

एकदाच पटाशी हातात आली. अण्णा हिवतापाने अंथरुणाला खिळले होते, जयराजची कॉलेजची परीक्षा पुण्याला होती आणि चार तंबोऱ्यांच्या खुंट्या द्यायच्या होत्या. मी आईला दोरीवर बसवलं आणि अण्णांच्या जागी बसले. सोळा खुंट्या केल्या. लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली की ती घासून तापते, वितळते आणि लाकडावर पसरते, मग केवड्याच्या पानाने चोळायची. तेही केलं. अण्णांनी पडल्या पडल्या एकेक खुंटी हातात घेतली, अंगठा फिरवला, डोळे मिटून. मी उशाशी उभी. गिऱ्हाईक दारात आलं तेव्हा अण्णा म्हणाले, ‘जयराजनं केल्यात. पोरगं तयार झालं बघा.’ तो माणूस जयराजची वाहवा करत गेला. मी म्हटलं, ‘अण्णा?’ तर ते म्हणाले, ‘अगं, बाईनं केल्या म्हनलं तर घेईल का कोन? माल जाऊ दे की.’ आणि कूस बदलून झोपले. ते वारले त्याला सात वर्षं झाली. माझे डोळे रडून सुजले होते, आणि तरीही, अजूनही, कधी भांडी घासताना ते वाक्य आठवलं की हातातलं पातेलं मी आपटते. जयराज पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. अण्णांच्या पटाश्या त्याने काचेच्या पेटीत घालून दिवाणखान्यात लावल्या आहेत, खाली दिवा सोडलाय. धार गेली असणार. हातखराद कुणालाच नको होता, अडगळ म्हणून तो माझ्याकडे आला.

पाईपचं सगळं सुरू झालं ते वडूजच्या लालासाहेबांमुळे. निवृत्त सुभेदार. नऊ वर्षांपूर्वी एका दुपारी ते अण्णांच्या दुकानात आले. मी माहेरी गेले होते. खिशातून रुमाल काढला, रुमालातून मोडका पाईप. एका साहेबाकडे ते पलटणीत असताना होते, साहेबाला पाईप भरून द्यायचे, साहेब बदलून गेला तेव्हा जुना पाईप यांना देऊन गेला, तेव्हापासून यांचीही सवय. गल्लीतल्या सगळ्या दुकानांतून हसून परत पाठवलं होतं. अण्णांचे हात तोवर कापायला लागले होते, त्यांनी नको म्हणून मान हलवली. ‘जरा बगा तर,’ लालासाहेब म्हणाले, ‘लय जीव हाय माझा ह्यात.’ मी तो हातात घेतला. नळी चिरली होती. अण्णांच्या डब्यात सतारीच्या घोडीसाठी, तारा टेकतात त्या पट्टीसाठी, ठेवलेलं हाड होतं, त्यातून मी नवी नळी केली. लालासाहेबांनी ती दातात धरली, नुसतीच हवा ओढून बघितली, आणि कधी नव्हे ते कुणीतरी सरळ माझ्याकडे बघून म्हणालं, ‘ताई, आता अख्खा एक करा.’

तो पहिला अख्खा पाईप शिसवीचा केला. आणि मिरजेच्या माणसाने करावी ती चूक केली. खुंटीला करतात तसं त्याला लाखेचं पॉलिश चढवलं. काय झळकत होता! आठ दिवसांनी लालासाहेब उजव्या हाताच्या दोन बोटांना फडकं बांधून आले.

‘ताई, पाईप झ्याक झालाय,’ ते म्हणाले, ‘पन निम्मा पेटला आन् लाख उकळाया लागली बगा. बोटं चिकाटली. सोडवतुया तर सोडवंना!’ आणि खो खो हसायला लागले. मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. तारा पिळणाऱ्या खुंटीला आच कधी लागत नाही, पाईपला आतून निखारा असतो, एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. मी पाईप परत मागितला, तर म्हणाले, ‘ह्यो ऱ्हाऊ दे माझ्यापाशी. दुसरा करा. मानूस पयला चुकतोय, मग करतोय.’

दुसरा, तिसरा, अकरावा. सहा महिने लालासाहेब येऊन माझ्या दारात बसायचे, बघत. शिसवी जळते, आंबट वास येतो. चिंचेची वाटी तडकली. मग कळलं की यासाठी ब्रायर म्हणून एका परदेशी झुडपाची गाठ लागते, मुळाशी वाढलेली, उकळून वर्षानुवर्षं वाळवलेली, ती विस्तवाला दाद देत नाही. ती मागवली. भोकं दोन पाडायची, वाटीचं वरून आणि हवेचं मागून, आणि ती वाटीच्या तळाशी एका जागी भेटली पाहिजेत. केसभर वर भेटली तर तळाची तंबाखू ओली राहते आणि पाईप गुरगुरतो. हे मोजून होत नाही, म्हणजे मोजायचं असतंच, पण शेवटचा केसभर भाग मोजण्यापलीकडे असतो. तिथे माझा उजवा हात थांबतो. मला अजून दोरी ओढल्यासारखं वाटतं, तळहातात कळतं की आता पुढे पोकळ आहे. आणि मग नळी दातात धरून कोरडीच हवा ओढून बघायची. शीळ वाजता कामा नये. मी तंबाखू ओढत नाही, एकदा ओढून बघितली आणि उलटी झाली. पण कोरडा पाईप दातात धरल्याशिवाय नळी नीट होत नाही. खिडकीत उजेड असतो म्हणून मी तिथे उभी राहून बघत होते, तर सासूबाईंनी खिडकीचं दार लावून घेतलं. ‘गं बाई, बाईमाणसानं तोंडात चिलीम धरून खिडकीत उभं ऱ्हायाचं?’ असं त्या म्हणाल्या तेव्हा त्यांच्या दातांना मिश्री होती, बोट अजून तोंडात होतं. मिश्रीला तंबाखूच भाजतात. मी ते बोललेसुद्धा. त्या म्हणाल्या, ‘ते औषध असतंय.’ तेव्हापासून मी खिडकी लावून, दिवा लावून बघते.

पण अण्णा काय, सासूबाई काय, त्यांच्यावरचा राग नंतरचा. ज्या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग येतो ती मी केलेली आहे. पुष्करची नोकरी गेली होती आणि मी केलेल्या पाईपांचे फोटो त्याने मोबाइलवर टाकायला सुरुवात केली. तोवर शिक्का नव्हता, कुणाचंच नाव नव्हतं. कोलकात्याहून एक फोन आला. मी उचलला. हिंदीत एक भारदस्त आवाज, पाईपची वाटी किती खोल आहे, भिंत किती जाड आहे विचारू लागला. मी सांगायला लागले. तो मध्येच थांबला आणि अगदी सभ्यपणे म्हणाला, ‘जी, आप ज़रा सर को फ़ोन देंगी?’ मी काय म्हणायला हवं होतं? चार शब्दांचं काम होतं. मी म्हणाले, ‘हां जी, देती हूँ.’ आणि फोन पुष्करला दिला. तो माझ्या तोंडाकडे बघत, मी खुणेने सांगेन ते आकडे त्याला सांगत गेला. फोन ठेवून आम्ही दोघंही हसलो. मला बरंसुद्धा वाटलं, बोलायची कटकट गेली म्हणून. पुढच्याच आठवड्यात शिक्का आला. माझ्या हातात एकदा पटाशी आली तेव्हा अण्णांनी माझं नाव पुसलं, असं मी वर्षानुवर्षं घोकत होते, आणि माझी पाळी आली तेव्हा मी स्वतःच्या हाताने, हसत, ‘देते हं’ म्हणून देऊन टाकलं.

पुष्कर टॉवेलने डोकं पुसत बाहेर आला. पेपर बघून खूश झाला. ‘हे पीठ कुणी सांडलं?’ म्हणाला आणि बोटाने माझा ठिपका पुसला.

‘पटाशी उलटी धरलीय तुम्ही,’ मी म्हणाले.

‘कुणाला कळतंय?’

तेवढ्यात माझा फोन वाजला. लालासाहेब. त्यांच्या नातवाने त्यांना फोटो मोबाइलवर दाखवला होता. ‘ताई,’ ते ओरडूनच बोलतात, सगळ्या खोलीला ऐकू जातं, ‘फोटुत पटाशी उलटी हाय की वो! सा म्हैने तुमच्या दारात बसून बगितलंय मी, मला कळतंय. ह्ये मालक कवापासनं कारागीर झालं? आन् तुमी गप का बसताय? आमच्या पलटनीत एकाचं पदक दुसऱ्यानं लावलं असतं तर आमी त्येला उभा जाळला असता.’

‘बरं आहे हो सगळं,’ मी म्हणाले आणि फोन ठेवला. बरं आहे! मला माझ्याच जिभेची चीड आली.

पुष्करने गंजीफ्रॉक घातला, खुर्ची ओढली. तो मुद्दाम शांत बोलतो, डॉक्टरांशी बोलायचा तसा. ‘म्हातारा एकटा नाही. पाईपवाल्यांच्या ग्रुपवरही एकाने विचारलंय पटाशीचं. मी म्हटलं, फोटोग्राफरने तशी पोज द्यायला लावली. पण आता जपायला हवं. पुण्याहून विचारणा आलीय, दोन दिवसांची कार्यशाळा. वीस जण येणार. मी त्यांच्यासमोर लाकडाच्या ठोकळ्यापासून पाईप करून दाखवायचा. मी हो म्हटलंय.’

‘तुम्ही?’

‘पंधरा दिवस आहेत. मला शिकव.’

किती सहज म्हणाला तो! मीठ दे म्हणावं तसं. मी लाटणं खाली ठेवलं. आतापर्यंत त्याच्याकडे माझं नाव होतं, हात माझ्याकडे होते, आणि त्या हातांच्या जोरावर मी सगळं गिळत होते, की तू काहीही बोल रे, मशीनपुढे तुला यावंच लागणार नाही, कारण तुला येतच नाही. आता तो हात मागत होता. दोन भोकं तळाशी भेटतात ते कुठे थांबून कळतं ते मागत होता. आणि शिकला तर? अगदी बरा शिकला, कामचलाऊ, वीस जणांसमोर निभावून नेण्याइतका, तर मग मी कोण? मग आठ वर्षं तो बोलत आला ते सगळं मागे जाऊन खरं होईल. मी म्हणाले, ‘मीच येते पुण्याला. मी करून दाखवते.’

‘अगं, सगळे पुरुष असतात ते. क्लबातले. तुला बघून काय म्हणतील? इतकी वर्षं यानं आम्हाला फसवलं म्हणतील. एक पाईप जाणार नाही पुढे. आणि तुझं-माझं काय वेगळं आहे का यात? मी नसतो तर तुझा एक पाईप सांगलीबाहेर गेला नसता.’

यातलं शेवटचं खरं होतं, म्हणून जास्त लागलं. फोटो त्याने काढले, लोक त्याने जोडले, खोकी बांधून कुरियरला त्याने नेली. पण महापुरात, २०१९ला, पाणी खिडकीला लागलं तेव्हा ब्रायरची पोती पाठीवर घेऊन गच्चीवर मी चढले होते, आणि तो कॅमेरा डोक्यावर धरून चढला होता. दोघंही आपापलं वाचवत होतो, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. अण्णांचा हातखराद खालीच राहिला, चार दिवस पाण्यात. पाणी ओसरल्यावर बघितलं तर बाभळीचं लाकूड, जसंच्या तसं. चिखल धुऊन मी तो माळ्यावर टाकला होता.

‘मुकाट्यानं शिकव की त्याला,’ सासूबाई पायरीवरून म्हणाल्या, ‘नवरा-बायकूत कसली आलीय कारागिरी?’

‘शिकवते,’ मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, फार हळू होता तो. ‘मला जसं शिकवलं तसं शिकवते. जेवण झालं की बसा.’

दुपारी स्टूलावर चढून मी माळ्यावरून खराद काढला. जड आहे. पुष्करने हात पुढे केला नाही असं नाही, पण मी दिला नाही. मागच्या खोलीत जमिनीवर मांडला, टोकांना तेल घातलं, कपडे वाळत घालायला आणलेल्या नव्या सुती दोरीतून तुकडा कापला. पुष्कर बघून एकदम खुलला. ‘अरे वा! हे तर भारीच. जुनी पद्धत! याचं रील करू. लोक वेडे होतील.’ त्याने मोबाइल स्टँडवर लावला, माझ्या उजव्या हाताशी, कॅमेरा स्वतःकडे करून. मग पटाशीकडे हात नेला.

मी पटाशी उचलून घेतली आणि अण्णा बसायचे तशी बसले, एक पाय दुमडून, एक खरादाला टेकवून. दोरीची दोन्ही टोकं त्याच्यासमोर टाकली.

‘तुम्ही तिकडे. दोरी ओढा.’

‘मी?’

‘आधी दोरीच असते.’

तो हसला. मी हसले नाही. मग बसला, दोरी धरली. पहिल्या ओढीला लाकूड निम्मं फिरून अडलं. दुसऱ्या ओढीला वेढा निसटला. मी वेढा घातला. पुन्हा. दोरी ढिली सोडली की लाकूड लटपटतं आणि पटाशी उसळते, मला तळहातात नव्हे, दातांत कळत होतं. ‘उजव्या ओढीला जोर,’ मी म्हणाले. पाचेक मिनिटांत त्याचं कपाळ घामाने भरलं. पटाशी टेकवली, पहिली साल निघाली, सलग, कुरळी. तो मान उंच करून बघायला लागला आणि दोरीला झटका बसला. ‘बघायचं नाही. ओढायचं.’ सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या काही बोलतील म्हणून मी वाट बघितली. ‘ढिली पडतीया रं दोरी, पुष्कर,’ त्या म्हणाल्या आणि तिथेच उंबऱ्यावर बसल्या.

‘खांदा भरून आला,’ पुष्कर म्हणाला. ‘किती वेळ ओढायची?’

‘मी अकरा वर्षं ओढली.’

‘चेष्टा नको करू. पंधरा दिवस आहेत आपल्याकडे.’

‘मग पंधरा दिवस ओढा.’

‘आणि पटाशी? पटाशी कधी देणार?’

‘मला कुणी दिली नव्हती,’ मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे बघितलं. बहुतेक पहिल्यांदाच त्याच्या लक्षात आलं की हे रील नाही. तोंड उघडलं, आणि तेवढ्यात स्टँडवरचा मोबाइल वाजला. पडद्यावर पुण्याचा नंबर, कार्यशाळेवाल्यांचा. तो उठायला लागला. ‘दोरी सोडू नका,’ मी म्हणाले, ‘पटाशी लाकडात आहे. माझ्या तोंडावर येईल.’ तो अर्धवट उठलेला तसाच थांबला, दोन्ही मुठीत दोरी, आणि तसाच खाली बसला. मग मी पटाशी सोडवून मांडीवर ठेवली आणि भुशाच्या बोटाने फोन घेतला. त्याला ऐकू जावं म्हणून आवाज मोठा केला.

‘हॅलो,’ एका मुलीचा आवाज, गोड, घाईतला, ‘कार्यशाळेच्या पोस्टरसाठी सरांचा थोडा परिचय हवा होता. सरांना देता का जरा?’

माझ्या तोंडात तेच दोन शब्द तयार होते, आठ वर्षं वापरून गुळगुळीत झालेले. देते हं. पुष्कर मानेने खुणावत होता, दे, दे. त्याच्या तळहातांना दोरीचे लाल वळ उठले होते.

‘सर दोरी ओढतायत,’ मी म्हणाले. ‘पाईप मी करते. पहिल्यापासून मीच करते. परिचय लिहून घ्या.’

पुष्कर ‘संयोगिता!’ म्हणून ओरडला, पण दोरी त्याच्या हातातच होती.

‘बरं मॅडम,’ ती मुलगी म्हणाली, कागद सरकवल्याचा आवाज आला. ‘नाव काय लिहू?’

मी नाव सांगितलं. रागाच्या भरात ते अर्धवटच उमटलं आणि तिला ऐकूच गेलं नाही. ‘कोण?’ तिने विचारलं. मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने.